मशीन वाजते म्हणजे औषध जाते असं नाही (वाफेची मशीन, पाचवं वर्ष)

ताई, तुम्ही लिहिलं की दारव्ह्याजवळच्या खेड्यात तुमच्या बाबांची वाफेची मशीन (नेब्युलायझर) दोन वर्षं जुनी आहे, आवाज पहिल्यासारखाच आहे, पण आता एक रेस्पूल, म्हणजे औषधाची छोटी प्लॅस्टिकची कुपी, संपायला अर्धा तास लागतो, बाबा कंटाळून मधेच मास्क काढून ठेवतात, आणि दुकानदार म्हणून राहिला की मशीन बसली, नवीन घ्या. हे वाचून मला 2023 चा हिवाळा आठवला. शब्दन् शब्द आमच्या घरचाच. फक्त तुमच्याकडे बाबा, आमच्याकडे माय.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. हिंगणघाट तालुक्यात माझं कृषी केंद्र आहे. औषध कोणतं, किती वेळा, हे छातीच्या डॉक्टरांना विचारा. मी फक्त मशीनबद्दल बोलतो. मशीन कशी लावायची वगैरे तुम्हाला माहीतच आहे, ते सोडतो.

नवीन मशीन घेऊ नका. निदान या आठवड्यात तरी नका. आधी औषधाची वाटी बदला, म्हणजे ज्यात रेस्पूल ओततो तो छोटा कप. मेडिकलमध्ये मास्क, नळी आणि कप असा संच दोनशेच्या आसपास मिळतो. तुमच्या मशीनची नळी त्याला घट्ट बसते ना, तेवढं दुकानातच बघून घ्या.

आता हे शहाणपण मला किती महागात पडलं ते सांगतो.

मायचं वय 67. अर्धं आयुष्य चुलीपुढे, उरलेलं जिनिंगमध्ये रुई उचलण्यात. गॅस घरी आला तोवर छातीचं व्हायचं ते होऊन गेलं होतं. 2021 मध्ये चौदाशे पन्नास रुपयांची मशीन घेतली. दोन वर्षं मस्त चालली. मग कापसाचा सीझन सुरू झाला, गावात हडंब्यांची (मळणी यंत्रांची) धूळ, आणि मायचा दम वाढला. मशीन लावली की पंचवीस-तीस मिनिटं चालायची. धूर तर दिसत होता. मी समजलो, आजारच वाढला. मग डॉक्टरांना न विचारता दिवसातून दोनदाची वाफ चार वेळा केली. मायचे हात थरथरायला लागले, छाती धडधडायची, रात्री झोप नाही. दम तसाच.

मशीनवर शंका आली म्हणून एक दिवस दुकान बंद ठेवून नागपूरला गेलो, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला. नाव लिहित नाही. काउंटरवरच्या पोराने मशीन चालू केली, जिथे नळी लागते तिथे अंगठा ठेवला आणि म्हणाला, "हवा बरोबर येऊन राहिली." मी कप, मास्क सगळं पिशवीतून काढून पुढे केलं, तर म्हणे ॲक्सेसरीज आम्ही बघत नाही, त्या वॉरंटीत येत नाहीत. अरे बाप्पा, वॉरंटी नको देऊ, पण बघ तर! नाही. कार्डावर दुकानाचा शिक्का अर्धवट उमटला होता म्हणून मशीन ठेवून घेतली, वर पाठवून विचारतो म्हणाला. एकोणीस दिवसांनी परत मिळाली. कागदावर 'दोष नाही' असं लिहिलेलं आणि तपासणीचे साडेतीनशे रुपये. मधल्या काळात रोज दोनदा मायला गाडीवर बसवून शेजारच्या गावी पावण्यांकडे नेत होतो, त्यांच्या मशीनवर. डिसेंबरच्या थंडीत, दमेकरी बाईला, गाडीवर. पण कप आमचाच नेत होतो, स्वच्छतेच्या नावाखाली! म्हणजे दोष जिथे होता तोच नग सोबत घेऊन फिरत होतो.

मशीन 'ओके' म्हणून आली त्यामुळे माझी शंकाही गेली, आणि पाचव्या दिवशी माय ॲडमिट. वार्डातल्या सिस्टरने एकच प्रश्न विचारला, "घरी किती मिनिटं लागतात?" मी म्हटलं, अर्धा तास. तिने माझ्याकडे असं पाहिलं की जमिनीत जावंसं वाटलं. घरची मशीन मागवली, वार्डातला नवा कप तिला लावला, आणि त्याच मशीनवर, त्याच औषधाला, आठ मिनिटं. मग जुना कप उघडून खिडकीपाशी धरला. मधल्या बारीक छिद्राभोवती पांढरं कडं जमलं होतं, चहाच्या भांड्याला बसतं तसं. आणि आतला टोपीसारखा तुकडा एका बाजूला कलला होता.

कारण दोन, दोन्ही घरचेच. माय कप बोअरच्या पाण्याने धुवायची. आमच्याकडचं पाणी कसं आहे ते तुम्हाला सांगायला नको, बादलीला क्षार बसतो तर त्या सुईएवढ्या छिद्राचं काय होणार? आणि मी दर रविवारी कप उकळायचो, जंतू मरावेत म्हणून. काही कप उकळायला चालतात, पुस्तकात तसं लिहिलेलं असतं. आमच्यासारखा साधा मऊ प्लॅस्टिकचा कप उकळला की वाकतो. आतला तुकडा नीट बसला नाही तर खेळ संपला. मशीनची हवा त्या छिद्रातून जोरात निघते, औषध वर ओढते, ते समोरच्या भागावर आपटून फुटतं आणि बारीक थेंब होतात. साधारण एक ते पाच मायक्रॉनचा थेंब फुप्फुसात खोलवर जातो. त्याहून जाड थेंब तोंडात आणि घशातच बसतात. म्हणून धूर दिसला तरी त्यावर जायचं नाही.

खरी लाज याची वाटते की मी दिवसभर दुकानात हेच सांगत असतो. शेतकरी येतो, पंप बिघडला म्हणतो. मी म्हणतो, भाऊ, मोटर वाजते ना? मग आधी नोझल बघ, गाळणी बघ, पंप काहून बदलतो? शंभर लोकांना सांगितलं असेल. घरी मायच्या तोंडाला लावलेल्या पंपाचं नोझल दोन वर्षांत एकदा बघितलं नाही.

आता आम्ही काय करतो ते सांगतो. प्रत्येक वाफेनंतर कप सुटा करून आरओच्या कोमट पाण्याने विसळतो आणि स्वच्छ कपड्यावर उघडा वाळवतो. डब्यात ओला बंद करायचा नाही. रोज एकदा साबणाच्या पाण्यातून काढतो. दोन-तीन दिवसांनी एक भाग पांढरा व्हिनेगर आणि तीन भाग पाणी यात अर्धा तास बुडवतो, मग परत विसळतो. धुताना मोरीच्या जाळीवर गाळणं ठेवा. आतला तुकडा शेंगदाण्याएवढा असतो, वाहून गेला की कप बाद. छिद्रात सुई-पिन घालू नका, छिद्र मोठं होतं. आमच्या डॉक्टरांनी कप सहा महिन्यांनी बदलायला सांगितलं, आम्ही पोळ्याला आणि होळीला बदलतो, म्हणजे विसरायला होत नाही.

नवा कप लावूनही वेळ कमी झाला नाही तर फिल्टर बघा. मशीनच्या अंगावर छोटं झाकण असतं, त्यात पांढरी फेल्टची किंवा स्पंजची गोळी. आमची काळी निघाली होती, रुईची धूळ. ती धुवायची नसते, बदलायची असते. नळीत पाण्याचे थेंब दिसले तर नळी आतून धुवू नका. कप काढून नुसती नळी लावून मशीन चार-पाच मिनिटं चालवा, वाळते.

आणि लाईन! हे कोणत्याच पुस्तकात नीट सापडत नाही. हरभऱ्याच्या पाण्याचे दिवस आले की आमच्या डीपीवर सगळे पंप एकदम चालू होतात, घरात 160 व्होल्टही राहत नाही. मशीन घुं घुं करते, हवा येते पण जोर नसतो. बाबांना नेमकी संध्याकाळीच जास्त वेळ लागत असेल तर हे तपासून बघा. इन्व्हर्टर साधा, स्क्वेअर वेव्हचा असेल तर त्यावरही आमची मशीन आवाज बदलून तापायची. आता आम्ही लाईन चांगली असते तेव्हा, पहाटे आणि दुपारी चारला देतो. डॉक्टरांना विचारूनच वेळ बदलली. सलग दोघांना वाफ देत असाल तर मधे मशीन थंड होऊ द्या.

दुकानदार जी हातात मावणारी बॅटरीची जाळीवाली मशीन दाखवून राहिला, तिच्याबद्दल माझं मत वाईट आहे. माझं मत, बरं का. बाबांना बुडेसोनाइड (श्वासनळीची सूज कमी करणारं औषध) चालू असेल तर ते दुधासारखं, कणाकणाचं औषध असतं, स्वस्तातली जाळी त्याने तुंबते. आवाज नाही, प्रवासात बरी, सगळं मान्य. पण खेड्यात तुंबलेली जाळी कोण दुरुस्त करणार? पुन्हा नागपूर?

'वाफ' या शब्दानेही घोटाळे होतात. आमच्या शेजारणीने कपात गरम पाणी आणि बामचा ठिपका टाकला होता, नातवासाठी. ती सर्दीची वाफ वेगळी. या कपात तेलकट काही गेलं तर ते थेट फुप्फुसात जाईल. साधं पाणीही नाही, त्यानेही दमेकऱ्याची श्वासनळी आवळू शकते. औषध पातळ करायचं तर मेडिकलमधलं सलाईनच, तेही डॉक्टरांनी सांगितलं तर.

बाबा मास्क काढून ठेवतात म्हणता, तर त्यांना तोंडात धरायची नळी देऊन बघा, त्याच कपाला ती बसते. मास्क नाकापासून दोन बोटं दूर धरला तर बरंचसं औषध हवेत जातं. माझ्या मायला काचबिंदू आहे. तिच्या औषधात इप्राट्रोपियम (श्वासनळी मोकळी करणारं औषध) होतं, आणि ढिल्या मास्कमधून ते डोळ्यांत जाऊन त्रास होऊ शकतो हे आम्हाला दोन वर्षं कोणीच सांगितलं नव्हतं. बुडेसोनाइड असेल तर नंतर चूळ भरायची आणि तोंड पुसायचं, नाहीतर जिभेवर पांढरा थर येतो.

अजून एक, पुढच्या भेटीत डॉक्टरांना स्पेसरचं, म्हणजे इनहेलरच्या पंपाला लावायच्या नळकांड्याचं, विचारा. पंप आणि स्पेसर नीट जमला तर साध्या दम्याच्या त्रासात तो मशीनइतकंच काम करतो. लाईन नको, कप नको, जाळी नको. आमच्या गावात मात्र मशीन म्हणजे मोठा इलाज आणि पंप म्हणजे सवय लागते, असा समज पक्का बसला आहे. मायचाही होता. आता प्रवासाला स्पेसरच नेते.

आणि माझ्यासारखं स्वतःच्या मनाने दोनचे चार करू नका. वाफ देऊनही बाबांना वाक्य पुरं बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, किंवा एका वाफेवर चार तासही निघत नसतील, तर कप, फिल्टर काही बघत बसू नका, 108 ला फोन करा.

आज रात्री एवढं करा. मशीन चालू केल्यापासून कप फुरफुर करायला लागेपर्यंत किती मिनिटं लागली ते लिहून ठेवा. उद्या नवा कप लावून परत लिहा, आणि दोन्ही आकडे इथे टाका. आमच्या मायला घड्याळ समजत नाही. तिचा हिशोब तव्यावर आहे. बायको भाकरी टाकायला बसली की ती मशीन लावते. तीन भाकरींत औषध संपायला पाहिजे. चौथी तव्यावर गेली आणि मशीन सुरूच असली की आतून आवाज येतो, "अरे, कप बघ!"