वेगळं व्हायचंय, पण भांडून नाही

प्रश्न : आम्ही दोघांनी राजीखुशीने पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरीसमोर सोडचिठ्ठी लिहून घेतली. आता माझं दुसरं लग्न ठरतंय. काही अडचण नाही ना? (सातारा)

अडचण आहे, आणि मोठी आहे. लग्नाची तारीख काढू नका. नोटरीच्या शिक्क्याने सह्या तुमच्याच आहेत एवढंच सिद्ध होतं, लग्न मोडत नाही. हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न कोर्टाच्या हुकूमनाम्यानेच संपतं. समाजाच्या रूढीने चालत आलेल्या काडीमोडीला कलम २९ मध्ये जागा आहे, पण ती रूढी पुराव्याने सिद्ध करावी लागते. ते न करता दुसरं लग्न केलंत तर ते रद्दबातल ठरेल, शिवाय गुन्हाही होईल. दोघं अजून राजी आहात, तर याच कायद्याच्या कलम १३-ब खाली परस्पर संमतीच्या घटस्फोटासाठी एकत्र अर्ज करा. नोटरीचा तो कागद जपून ठेवा, काय ठरलं होतं ते दाखवायला उपयोगी पडेल.

प्रश्न : दोघांची संमती असूनही सहा महिने थांबावंच लागतं का? (पुणे)

अर्ज करण्याआधी किमान वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्जानंतर सहा महिने थांबायचं, असं कायदा सांगतो. मात्र २०१७ साली अमरदीप सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही मुदत माफ करता येते असं ठरवलं. अर्जापूर्वीच दीड वर्ष वेगळे राहिला असाल, समेटाचे प्रयत्न संपले असतील आणि पोटगी, मुलांचा ताबा हे सगळं मिटलेलं असेल, तर माफीचा अर्ज जरूर द्या.

प्रश्न : मुलगा सात वर्षांचा आहे. 'मुलासाठी काही मागणार नाही' असं लिहून दिलं तरच नवरा सही करणार म्हणतो. देऊ का? (नाशिक)

ताई, देऊ नका. स्वतःची पोटगी सोडायची की नाही हे तुम्ही ठरवू शकता. मुलाचा खर्च हा मुलाचा हक्क आहे, तो सोडून देणं तुमच्या हातात नाही. उद्या तशी अट असली तरी मुलासाठी दाद मागता येते, पण पुन्हा कोर्टाची पायरी चढायला कशाला लागावी?

संमतीच्या अटी लिहिताना खरी मेहनत इथेच घ्या. 'वडील सोयीनुसार भेटतील' या एका वाक्यावरून पुढे वर्षानुवर्षं भांडणं होतात. कोणता वार, किती वाजता, आणणार-सोडणार कोण ते लिहा. दिवाळी कोणाकडे, मे महिन्याची सुट्टी कशी वाटायची, शाळेची फी कोण भरणार आणि ती वाढली तर काय, आजारपणाचा खर्च, पासपोर्टवरची सही, सगळं लिहा. मुलाची गरज बदलली तर ताबा आणि खर्चाच्या अटी कोर्टाकडून बदलून घेता येतात.

प्रश्न : मध्यस्थासमोर मोकळेपणाने बोलले तर तेच माझ्यावर उलटेल का? (कोल्हापूर)

नाही. मध्यस्थीतलं बोलणं गोपनीय असतं. कोर्टाने पाठवलेल्या प्रकरणात मध्यस्थ समझोता झाला की नाही एवढंच कळवतो. समझोता झाला तर सह्या केलेला कागद जोडतो, कोण काय म्हणालं ते सांगत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. मात्र घरात मारहाण असेल, नवऱ्यासमोर बोलायची भीती वाटत असेल, तर आधी कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षणाचा आदेश घ्या. घाबरलेल्या माणसाने केलेली तडजोड मला मान्य नाही.

प्रश्न : सगळी रक्कम दिल्यावर बायकोने संमती मागे घेतली तर? तिने ४९८-अ ची (सासरी छळ केल्याची) केसही केली आहे. (ठाणे)

हुकूमनामा होईपर्यंत संमती मागे घेता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितलं आहे. म्हणून रक्कम टप्प्यांत द्या : काही अर्जाच्या वेळी, काही अंतिम जबाबाच्या दिवशी. ४९८-अ ची तक्रार नुसत्या समझोत्याने संपत नाही. ती रद्द करायला उच्च न्यायालयात जावं लागतं आणि तिथे पत्नीचं प्रतिज्ञापत्र लागतं. शेवटचा हप्ता तक्रार रद्द झाल्याच्या आदेशाशी जोडा आणि त्याचा डिमांड ड्राफ्ट आधीच कोर्टात जमा करा, म्हणजे तिलाही पैसे बुडण्याची धास्ती राहणार नाही.