जर्मनीत ग्राफिक डिझाइन: सांगलीहून निघण्याआधी

तुझा मेसेज दोनदा वाचला. बी.एफ.ए.चं शेवटचं वर्ष, संध्याकाळी मार्केट यार्डाजवळच्या फ्लेक्सच्या दुकानात काम, आणि जर्मनीत मास्टर्स करायचं मनात. विचारलंयस तीन गोष्टी: पैसे किती, जर्मन लागतंच का, आणि "दादा, फ्लेक्सचं काम पोर्टफोलिओत दाखवू की लपवू?" पहिल्या दोन पटकन उरकतो, त्यांची उत्तरं ठरलेली आहेत.

बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही, फक्त सेमिस्टरची किरकोळ वर्गणी. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात मात्र आपल्यासारख्यांना दर सेमिस्टरला १५०० युरो पडतात. खरा बोजा ब्लॉक्ड अकाउंटचा. व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो आधीच भरायचे, आणि तेच तुला महिन्याला ९९२ असे परत मिळतात. पप्पांना हे नीट समजावून सांग, फी म्हणून भीती घालू नकोस. वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करायची मुभा आहे, पण त्या भरवशावर कर्जाचा हिशेब मांडायचा नाही. पहिल्या सेमिस्टरला काम करायला जीवच उरत नाही.

जर्मन लागतं. इंग्रजीतले कोर्स आहेत, पण डिझाइनचे थोडे. बाकी ठिकाणी जर्मनची बी-टू पातळी, काही ठिकाणी त्याच्या वरची सी-वन. पुण्यात मॅक्सम्युलर भवनात परीक्षा होते, शनिवार-रविवारच्या क्लासला सांगलीहून ये-जा करणारी पोरं मी पाहिलीत. शिवाय एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे आपल्या मार्कशीटा खऱ्या असल्याचा दाखला, २०२२ च्या नोव्हेंबरपासून ते सक्तीचं झालंय. मार्कशीटा हातात आल्या की पहिलं तेच.

आता मुद्द्याचं. इथं जर्मनीत पोर्टफोलिओला, म्हणजे निवडीसाठी दाखवायच्या कामाच्या संचाला, 'मापं' म्हणतात, आणि सगळा खेळ त्याच्यावर. माझं पहिलं मापं नापास झालं. वीस चकचकीत प्रिंटा नेल्या होत्या: लोगो, पॅकेजिंग, एक गणपती (असतोच). समोरच्या बाईंनी सगळं उलटून पाहिलं आणि विचारलं, याच्या आधीचं कुठाय? मला प्रश्नच कळला नाही. त्यांना वह्या हव्या होत्या, चुकलेली पानं, सोडून दिलेल्या कल्पना. आपल्याकडं सबमिशनच्या आदल्या रात्री कच्चं काम रद्दीत जातं, इथं त्यालाच भाव.

दुसऱ्या वर्षी हळदीच्या पोत्यावर काम केलं. यार्डात पोत्यांवर पत्र्याचा साचा ठेवून काळी शाई मारतात ना, त्या अक्षरांवर. तू रोज तिथून जातेस, एकदा थांबून 'हळद'मधला ळ बघ. त्याची दोन्ही गोल पूर्ण कापली तर आतला पत्रा खाली पडेल, म्हणून कापणारा मध्ये पट्टी सोडतो आणि ळ फुटका दिसतो. शिरोरेघ सलग कापली तर पत्रा लवतो, म्हणून तीही तुटक. डिझाइन शिकलेल्या कुणीही ठरवलेलं नाही हे, पत्र्यानं ठरवलंय. असे साठेक फोटो, हातानं कापलेले पुठ्ठ्याचे साचे आणि त्यांवरून काढलेली सतरा-अठरा अक्षरं, एवढंच नेलं. समोरच्यांना देवनागरी वाचता येत नव्हती, पण साचा हातात घेतल्यावर सगळं कळलं.

त्यामुळं फ्लेक्स लपवू नकोस, पण 'भाऊंना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा'चे दहा नमुनेही लावू नकोस. दहा बाय वीसच्या फ्लेक्सवर चाळीस कार्यकर्त्यांचे फोटो बसवताना कोणाचं डोकं मोठं, कोणाचं लहान हे कोण ठरवतं, नेता उजवीकडं का, कुणी कितीदा बदल सांगितला, ते मांड. एका फ्लेक्सच्या सात फाइली एकाखाली एक लावल्या तरी गोष्ट होते. कोरल ड्रॉ येतं की फोटोशॉप, हे मला कोणीच विचारलं नाही. एक काम मात्र आजपासून कर: श्रीलिपीच्या जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आण, नाहीतर इथल्या कॉम्प्युटरवर तुझं मराठी नुसता कचरा दिसेल. 'एक टाइप' नावाच्या फाँट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता, बलू हे फाँट फुकट आहेत.

कॉलेज निवडताना नावाला भुलू नकोस. बाउहाउस म्हटलं की आपण हुरळतो, पण १९१९ ला वायमारमध्ये सुरू झालेली ती डिझाइनची शाळा १९३३ लाच बंद पडली. आजचं वायमारचं विद्यापीठ चांगलं आहे, पण त्याच्या आजच्या विद्यार्थ्यांचं काम बघून ठरव. पुस्तकं आणि अक्षरं हाच जीव असेल तर लाइपझिगचं बघ. निव्वळ टाइप, म्हणजे फाँटची अक्षरं घडवायचं काम, करायचं असेल तर इंग्लंडात रेडिंग विद्यापीठाचं एम.ए. आहे, तिथं देवनागरीवर गांभीर्यानं काम होतं, पण फी ऐकून पप्पा खुर्ची धरतील.

मापं द्यायच्या तारखा कॉलेजागणिक वेगळ्या, आणि बऱ्याचदा बाकी अर्जांच्या कितीतरी आधी. वर्ग ऑक्टोबरला सुरू होतात म्हणून उन्हाळ्यापर्यंत निवांत राहिलीस तर वर्ष गेलं.

आणि वह्या स्कॅन करून ठेव. माझ्या पहिल्या दोन वर्षांच्या वह्या सांगलीत गावभागातल्या घरी खालच्या खोलीत होत्या, २०१९ च्या पुरात लगदा झाला. तुमचं घर उंचावर असलं तरी वरच्या माळ्यावरच ठेव.