व्हिडिओत स्वतःला बघवत नाही?

समुपदेशक म्हणून शिक्षकांसोबत काम करताना एक तक्रार पुन्हा पुन्हा कानावर येते. "तुम्ही सांगितलं म्हणून तासाचा व्हिडिओ काढला मॅडम, पण दोन मिनिटंही बघवला नाही. आवाज कसला, हातवारे कसले, पोट केवढं! पुसूनच टाकला." बीडचे असोत की हिंगोलीचे, नवे असोत की निवृत्तीला टेकलेले, सूर एकच. म्हणून एका सरांचं सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत.

बालाघाटाच्या डोंगरातली द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळा, तिसरी-चौथी एकत्र. सर आले होते झोप लागत नाही म्हणून.

"दिवाळी झाली की निम्मी लेकरं आईबापासंगं उसाला जातात. परत येतात तवर सगळं विसरलेली. घसा फोडून शिकवायलोय, पण पोचतच नाही. मीच कमी पडायलोय."

"काय पोचतं ते एकदा बघायचं का?" मी विचारलं.

व्हिडिओ म्हणताच त्यांना डी.एड.चे सूक्ष्मपाठ, म्हणजे एकेका कौशल्याच्या सरावासाठी घ्यायचे छोटे पाठ, आठवले, मागच्या बाकावर बसून निरीक्षण तक्ता भरणारे प्राध्यापक आठवले. खरं तर १९६३ च्या सुमारास स्टॅनफर्डला सूक्ष्म अध्यापन सुरू झालं, तेव्हा शिक्षकाने स्वतःचा पाठ टेपवर पाहणं हा त्यातला मोठा भाग होता. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी टेप गळाली आणि तक्ता तेवढा राहिला. त्यात आता ग्रुपवर रोज फोटो टाकायचे. कॅमेरा म्हणजे तपासणी, हे मनात पक्कं बसलंय.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या वाटेनं जाणारी. स्वतःच्या समुपदेशनाचं ध्वनिमुद्रण करून एक अख्खी केस त्यांनी १९४२ मध्ये शब्दशः छापली. स्वतःला आधी उघड्यावर ठेवणारा माणूस! त्यामुळे माझी अट साधी असते: फोन तुमचा, व्हिडिओ तुमचा, मी मागणार नाही. आवाज परका वाटणारच, कारण एरवी तो आपल्याला हाडांतूनही ऐकू येतो, फोनमध्ये फक्त हवेतून. पहिल्यांदा बघताना हवी तेवढी नावं ठेवून घ्या. सरांना आणखी एक सांगितलं: फोन फळ्याला टेकवा आणि त्याचं तोंड मुलांकडे ठेवा.

पुढच्या खेपेला ते स्वतःच फोन घेऊन आले. वजाबाकीचा तास. सत्तेचाळीसातून एकोणतीस गेले, किती उरले? सरांचा आवाज येतो, लगेच सरांचंच उत्तर, अठरा. त्यांनी तेवढाच तुकडा तीनदा लावला. मी गप्प.

"ह्या कोपऱ्यातल्यानं पाटी वर केली होती."

"हं."

"मी अठरा म्हणालो अन् त्यानं हातानं पुसली."

"काय लिहिलं होतं?"

"आता कसं कळायचं?" बराच वेळ गेला. "मीच विचारायलोय, मीच सांगायलोय, मॅडम. थांबतच नाही."

'हेच तर मी म्हणत होते' हे वाक्य ओठांवर होतं. ते गिळता येणं ही माझ्या इतक्या वर्षांची कमाई, असं मी मानते. मी बोलले असते तर तो त्यांचा शोध राहिला नसता, माझा शेरा झाला असता. आणखी एक गोष्ट तिथे दिसली. आपला आवाज, आपलं पोट, काही म्हणजे काही त्यांना आठवत नव्हतं. नजर त्या पाटीवर गेली होती.

मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं १९७० च्या दशकात दाखवलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात. तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलतात. हे मी सरांना नंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर वहीत उतरून घेतलं असतं, एवढंच.

ते मनात तीन अंक मोजू लागले. "जीव वर येतो हो थांबताना," म्हणाले. काही दिवसांनी तीच वजाबाकी पुन्हा घातली. त्या पोराच्या पाटीवर बावीस. सातातून नऊ जाईनात, म्हणून त्यानं नवातून सात काढले होते. हातच्याची वजाबाकी वर्गात झाली तेव्हा पोरगं उसावर होतं. म्हणजे विसरायला त्याच्याकडे ते कधी नव्हतंच. झोपेचं अजून पूर्ण जमलेलं नाही, पण 'मी कमी पडतो' याच्या जागी आता 'याला हातचा शिकवायचाय' आलंय, आणि त्याचं काहीतरी करता येतं.

तेव्हा अख्खा तास बघू नका. पाच मिनिटं पुरतात. बघण्याआधी एकच प्रश्न ठरवा: माझ्या प्रश्नानंतर कोण हललं? पाटी कुणी झाकली? 'मी कसा शिकवतो' हा प्रश्न घेऊन बसाल तर पुन्हा पोटच दिसेल.

केंद्रप्रमुखांना, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांना, व्हिडिओ दाखवावा का, हेही बरेच जण विचारतात. तुम्हाला वाटलं तरच. आणि केंद्रप्रमुख हे वाचत असतील तर त्यांना विनंती: मागू नका. मागितलेल्या व्हिडिओत लेकरं हात बांधून बसलेली असतात. चित्रीकरणाआधी मुख्याध्यापकांना आणि पालकांना विचारा, व्हिडिओ ग्रुपवर टाकू नका आणि काम झालं की पुसून टाका.