दोन इंचांची माणसं आणि चार वर्षांची पदवी

पत्र : मी वेंगुर्ल्यात प्राथमिक शिक्षिका आहे. मुलगा यंदा बारावी कॉमर्सला आहे. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे रंगवण्यापासून त्याचं हे वेड सुरू झालं. आता तारेच्या सांगाड्यावर एम-सील लावून दोन इंचांची माणसं तो स्वतः घडवतो, रंगवतो, त्यांचा देखावा मांडतो आणि मोबाइलवर फोटो काढतो. तीन फोटो सोबत पाठवले आहेत. त्याच्या वडिलांचं म्हणणं, बी.कॉम. करून बँकेच्या परीक्षा दे. मुलगा म्हणतो, मी हेच करणार. यात पोट भरतं का? आणि परीक्षा होईपर्यंत हे सगळं सामान माळ्यावर टाकू का?

उत्तर :

ताई, नमस्कार.

तिन्ही फोटो मोठे करून पाहिले. आधी त्यांच्याबद्दलच लिहिते, कारण पुढचा सल्ला त्यांच्यावरच उभा आहे.

रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं, ओढणाऱ्या माणसांचा फोटो मला फार आवडला. त्याने मोबाइल वाळूला टेकवून त्या माणसांच्या डोळ्यांच्या उंचीवर आणला आहे, त्यामुळे पाच सेंटिमीटरचा माणूस आभाळासमोर माणसाएवढा उभा राहतो. वरून फोटो काढला असता तर खेळणंच दिसलं असतं. एस.टी.च्या थांब्यावरच्या म्हातारीच्या फोटोत तर त्याने पाण्याचा एक थेंबही वापरलेला दिसत नाही. जमिनीवर चकचकीत वार्निश आहे, मागचं सगळं धूसर आहे, आणि पाऊस आपोआप जाणवतो. हे त्याला कुणी शिकवलं असेल असं वाटत नाही. त्याची माणसं खऱ्या माणसाच्या साधारण पस्तिसाव्या भागाएवढी आहेत. त्या हिशोबाने तीन मिलिमीटरचा खरा थेंब त्या म्हातारीच्या डोक्यावर दहा सेंटिमीटरचा गोळा होऊन पडला असता. पाणी आणि धूर आपल्यासाठी लहान होत नाहीत, हे त्याच्या लक्षात आलं आहे.

वाळूच्या बाबतीत मात्र ते निसटलं. रापणीच्या फोटोत माणसांच्या पायाशी खरी वाळू आहे, आणि एक मिलिमीटरचा कण तिथे साडेतीन सेंटिमीटरचा खडा दिसतो. जांभ्याची भुकटी वस्त्रगाळ करून वापरायला सांगा. आपल्याकडे चिऱ्याच्या खाणीजवळ ती फुकट मिळेल.

दशावतारातल्या नटाचा फोटो तिन्हींत सगळ्यात अवघड, म्हणून त्यावर थोडं जास्त बोलते. पेट्रोमॅक्सचा पिवळा उजेड त्याने नटाच्या डाव्या गालावर रंगानेच दाखवला आहे आणि तो सुरेख उतरला आहे. पण फोटो काढताना खरा दिवा उजवीकडून लावला. आता चेहऱ्यावर दोन उजेड भांडतात. रंगवलेला उजेड आणि लावलेला उजेड एकाच बाजूने यायला हवा. छोटा एलईडी पेट्रोमॅक्सच्या दिशेलाच ठेवायचा, पुढे बटर पेपर धरायचा आणि मागून दुसरा, अगदी मंद दिवा द्यायचा. सलग दहा देखावे असे केले की तो रंगवायला बसण्याआधीच उजेड ठरवायला लागेल. या कामातला खरा धडा तोच आहे.

आता पोटाचं. खरं सांगते, छोट्या आकृत्या रंगवणारा असं पद आपल्याकडे जाहिरातीत येत नाही. परदेशात हा मोठा छंद आहे. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमची गेम्स वर्कशॉप ही कंपनी 1975 साली सुरू झाली, तिच्या वॉरहॅमर खेळातल्या सैनिकांना रंगवण्याची गोल्डन डेमन नावाची स्पर्धा 1987 पासून होते, आणि दुसऱ्यांचे सैनिक पैसे घेऊन रंगवून देणारे लोकही आहेत. पण स्पर्धेच्या तोडीची एक आकृती कित्येक दिवस खाते. वेंगुर्ल्यात बसून, टपाल आणि कस्टम सांभाळून, त्यावर घर चालवण्याची आशा मी त्याला दाखवणार नाही. जपानचे तात्सुया तानाका 2011 पासून रोज एक इवल्या माणसांचा फोटो प्रसिद्ध करतात. त्यांचं नाव मुलाला माहीत असेलच. पण तेही डिझाइनच्या नोकरीतूनच पुढे आले, हेही त्याला सांगा.

नोकरी या कौशल्याच्या आजूबाजूला आहे. सिनेमा-मालिकांचा कलाविभाग, आर्किटेक्टसाठी इमारतींच्या प्रतिकृती करणाऱ्या मुंबई-पुण्याच्या कार्यशाळा, वस्तूंची जाहिरात-फोटोग्राफी, ॲनिमेशन, संग्रहालयांतले देखावे. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाची इमारत 1872 साली लोकांसाठी खुली झाली. तिथे जुन्या मुंबईतले लोक आणि त्यांचे व्यवसाय दाखवणाऱ्या मातीच्या लहान आकृत्या आहेत. मुंबईला जाल तेव्हा त्याला तिथे न्या आणि घाई करू नका. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी पगार घेऊन हे काम केलं, ही गोष्ट त्याच्या वडिलांनीही पाहायला हवी.

वडिलांची काळजी मला रास्त वाटते, आणि तिच्यावर तोडही आहे. बँकेच्या पीओ, म्हणजे अधिकारीपदाच्या, परीक्षेला कुठल्याही शाखेची पदवी चालते. बी.एफ.ए. ही कलेची असली तरी पदवीच आहे. मुलाने चार वर्षं उपयोजित कला, म्हणजे जाहिरात-डिझाइनसारख्या कामांची कला, शिकली तरी बँकेचं दार बंद होत नाही. एकच खबरदारी घ्या. प्रवेशाआधी कॉलेजात स्पष्ट विचारा, हा अभ्यासक्रम विद्यापीठाची पदवी आहे की जी.डी. आर्ट? जी.डी. आर्ट ही पदविका आहे, आणि तुमच्या घरच्या वादात हा फरक मोलाचा आहे.

बी.एफ.ए.साठी राज्याच्या सीईटी कक्षाची कलाशाखेची परीक्षा द्यावी लागते. मुंबईचं सर जे. जे. कला महाविद्यालय आहेच. कोकणात सावर्ड्याचं सह्याद्री स्कूल ऑफ आर्ट आणि देवरुखचं कला-डिझाइन महाविद्यालयही आहे. दोन्हीकडे एकदा स्वतः जाऊन मुलांचं काम बघा, मगच ठरवा. सोबत यूसीड (आयआयटीतल्या डिझाइन पदवीची प्रवेशपरीक्षा) आणि एनआयडीची, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेची, प्रवेशपरीक्षा द्यायला हवी. यूसीडला कॉमर्सची मुलं चालतात, फॉर्म साधारण दिवाळीच्या आसपास असतात आणि परीक्षा जानेवारीत, म्हणजे बोर्डाच्या आधी. पुढे पदवीनंतर एनआयडीच्या गांधीनगर केंद्रात खेळणी आणि खेळ यांच्या डिझाइनचा अभ्यासक्रम आहे, पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपटसंस्थेत कलादिग्दर्शनाचा. आज फक्त कानावर असू दे.

मला विचाराल तर बी.एफ.ए. उपयोजित कला. त्याच्याकडे हात आहे, पण दुसऱ्यासाठी, दुसऱ्याने दिलेल्या तारखेला काम पुरं करायची सवय अजून लागलेली नसेल. ती इथे लागते.

ही सवय याच वर्षी थोडी लावता येईल. श्रावणात त्याला गावातल्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, पाठवा. डोळ्यांची आखणी करणाऱ्या कारागिराशेजारी बसून त्याने हात बघावा आणि जमेल ते काम करावं. चतुर्थी पुढे ढकलता येत नाही, हे तिथे आपसूक कळतं. सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, रंगवणारे कलाकार बसतात, त्यांची कुंचल्याची पकड बघण्यासारखी आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीत परशुराम गंगावणे यांनी, 2021 साली ज्यांना पद्मश्री मिळाली, चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत कथा सांगण्याची, आणि चामड्याच्या बाहुल्यांची परंपरा जपली आहे. पडद्यामागच्या एका दिव्यावर सबंध रामायण कसं उभं राहतं, ते या मुलाने पाहायलाच हवं.

केलेल्या प्रत्येक देखाव्याचे कच्चे आराखडे, फसलेले फोटो, तारेचा सांगाडा, सगळ्याचे फोटो तारखेनिशी ठेवायला सांगा. डिझाइनच्या मुलाखतीत नुसतं सुंदर चित्र पुरत नाही, तिथवर कसा पोचलास ते विचारतात.

खर्च आत्ता करू नका. नवा कॅमेरा नको, तिपाई आणि दोन दिवे पुरेत. मोबाइल अगदी जवळ नेला की आकृती फुगल्यासारखी दिसते. थोडं मागे सरून दुप्पट झूम करावं. कुंचला बारीक नको, चांगल्या टोकाचा शून्य किंवा एक नंबरचा हवा. पावसात दमट हवेत स्प्रेचा प्राइमर, म्हणजे रंगाआधीचा थर, पांढुरका पडतो, तेव्हा हातानेच लावावा. आणि पुढे कधी कॅमेरा घेतलात तर किनाऱ्यावरच्या दमटपणात लेन्सला बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवा.

राहिला माळ्याचा प्रश्न. सामान माळ्यावर टाकू नका. यूसीड-एनआयडीची तयारी म्हणजे बरीचशी हीच आहे. पण त्यासाठी रात्री उशिरापर्यंत जागायचं नाही. रोज संध्याकाळी एक तास आणि रविवारची सकाळ, असं त्याच्या वडिलांसमोर बसून तिघांनी ठरवा. बोर्डाच्या आधी एक महिना तो स्वतःच सामानाचा डबा बंद करेल, हे त्याच्याच तोंडून वदवून घ्या. दशावताराचा फोटो एका उजेडात पुन्हा काढला की मला पाठवा.