पॉटी शिकवताना खेळणी आणि पुस्तकांचा खरंच उपयोग होतो का?

होतो, पण मूल तयार असेल तरच. बहुतेक मुलं १८ महिने ते ३ वर्षांच्या दरम्यान तयार होतात. लंगोट दोनेक तास कोरडा राहतो, शी-शू आल्याचं ती सांगू लागतात. मग आधी बाहुलीला पॉटीवर बसवा. तिची चड्डी मुलालाच काढू द्या, ‘झाली का शी?’ विचारू द्या, तिचे हात धुऊ द्या. खेळता खेळता सगळा क्रम अंगवळणी पडतो, भीतीही कमी होते.

पुस्तक जाड पानांचं, मोठ्या चित्रांचं घ्या. जेवणानंतर आतड्यांची हालचाल वाढते, तेव्हा पाय नीट टेकवून बसवा आणि वाचा. पाच मिनिटांत काही झालं नाही तर उठू द्या. आवाज करणारी खेळणी तिथे नकोतच, लक्ष उडतं. रडून नको म्हणालं तर काही आठवडे थांबा. जबरदस्ती केली की मुलं शी दाबून ठेवतात आणि बद्धकोष्ठता मागे लागते.