पानं पिवळी पडतायत? आधी कुठलं पान ते बघा

प्रश्न: ताई, पहिल्यांदाच टोमॅटो आणि मिरची लावलीय, बाहेर उन्हात कुंड्यांमध्ये. सुरुवातीला मस्त वाढली आणि आता टोमॅटोची खालची पानं पिवळी पडायला लागलीत. एक जण म्हणतो पाणी कमी पडतंय, दुसरा म्हणतो जास्त होतंय, तिसरा म्हणतो युरिया टाक, चौथा तर म्हणतो रोग आहे, उपटून टाक. मी घाबरून थोडं थोडं सगळंच केलंय. आता नेमकं काय करू?

उत्तर: सगळ्यात आधी, आता काहीही टाकू नका. खरंच. चार जणांचे चार उपाय एकाच आठवड्यात एकाच कुंडीत गेले की झाड सुधारलं तरी कशाने सुधारलं ते कळत नाही आणि बिघडलं तर कशाने बिघडलं तेही कळत नाही, आणि नवीन माणसाची झाडं मूळ कारणापेक्षा या घाईनेच जास्त जातात असं माझं स्पष्ट मत आहे. पिवळं पान हे लक्षण आहे, रोगाचं नाव नाही. तेच पिवळेपण दहा वेगवेगळ्या कारणांनी येतं, त्यामुळे "पान पिवळं पडलंय, काय टाकू" या प्रश्नाला उत्तरच नसतं. कुठलं पान पिवळं पडलंय, पानाचा कुठला भाग पिवळा पडलाय आणि कुंडीतली माती कशी आहे, एवढं सांगितलंत की उत्तर मिळतं.

तुम्ही खालची पानं म्हणालात, ही फार कामाची माहिती आहे. नत्र (नायट्रोजन), पालाश (पोटॅशियम), मॅग्नेशियम ही अन्नद्रव्यं झाडाच्या आत फिरू शकतात, म्हणजे कमी पडली की झाड ती जून पानांतून काढून शेंड्याच्या कोवळ्या पानांना देतं, म्हणून यांची कमतरता आधी खालीच दिसते. लोह, कॅल्शियम यांना असं हलता येत नाही, एकदा पानात बसली की तिथेच, म्हणून ती कमी पडली की वरची नवी पानं आधी बोलतात. गंधकाचंही बरंचसं तसंच. एवढं एक लक्षात ठेवलंत तरी निम्मी कारणं बाजूला पडतात.

पण खताकडे जायच्या आधी पाणी बघा, कारण कुंडीतल्या झाडाचं पहिलं दुखणं बहुतेक वेळा पाणीच असतं. बोट दोन पेरं मातीत घाला. वरून कोरडी दिसणारी माती खाली चिखल असू शकते आणि वरून ओली दिसणारी खाली ठणठणीत कोरडी पण असते. खाली चिखल असेल, पानं पिवळी आणि जरा मऊ लोंबती असतील तर पाणी जास्त होतंय. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, मातीतल्या सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळं गुदमरतात आणि मग भरपूर पाण्यात उभं असलेलं झाडसुद्धा पाणी आणि अन्न ओढू शकत नाही, म्हणून ते तहानलेलं दिसतं आणि आपण अजून पाणी घालतो! शंका वाटली तर झाड बुडाशी धरून कुंडी आडवी करा, कडेला हलकं थोपटा आणि मातीचा गड्डा थोडासा बाहेर सरकवून मुळं बघा. पांढरी, कडक, टवटवीत मुळं असतील तर पाण्याची काळजी नको. तपकिरी, बोटांत धरल्यावर साल सुटून येणारी आणि कुबट वासाची असतील तर कारण सापडलं. अशा वेळी पाणी थांबवा, कुंडीचं भोक बुजलंय का बघा, खाली ताटली असेल तर त्यातलं पाणी ओता, आणि माती वाफशावर, म्हणजे चिखल जाऊन नुसती दमट, आल्याशिवाय पुढचं पाणी नाही. खत तर अजिबात नाही, सडत्या मुळांना खत दिलं की उरलेली पण जातात.

आणखी एक, दुपारच्या कडक उन्हात टोमॅटोची पानं थोडी मान टाकतात आणि संध्याकाळी आपोआप उभी राहतात, ते बघून पाणी घालू नका. सकाळी लवकर पण पानं लोंबलेली असतील तर बोट मातीत घाला, मग ठरवा.

पाणी बरोबर आहे, मुळं चांगली आहेत आणि तरीही सगळ्यात खालचं पान देठापासून टोकापर्यंत, शिरांसकट, एकसारखं फिकट पिवळं होतंय, मग त्याच्या वरचं, मग त्याच्या वरचं, आणि झाडाची वाढ पण मंदावलीय, तर ते नत्र. महिनाभर चांगलं वाढून मग असं होणं अगदी नेहमीचं आहे कारण कुंडीतल्या मातीत सुरुवातीला जे असतं ते झाड संपवतं आणि रोजच्या पाण्याबरोबर बरंचसं खालच्या भोकातून वाहून जातं. मातीत कच्चं, न कुजलेलं खत किंवा लाकडाचा भुसा मिसळला असेल तर अजून एक गोष्ट होते, ते कुजवणारे जिवाणू स्वतःच नत्र वापरून टाकतात आणि झाडाला काही उरत नाही. चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत दोन मुठी वरच्या मातीत मिसळा, पण ते सावकाश लागू होतं. लवकर हवं असेल तर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद म्हणजे फॉस्फरस आणि पालाश सारख्याच प्रमाणात) हे पाण्यात विरघळणारं खत एक लिटर पाण्यात एक-दोन ग्रॅम, ओल्या मातीत. युरियात ४६ टक्के नत्र असतं, त्यामुळे कुंडीत चिमूटभर जास्त झाला तरी मुळं पोळतात, म्हणून नवीन असाल तर मी युरिया सांगणार नाही. नत्र जास्त झालं की झाड गर्द हिरवं, पानांनी भरलेलं, आणि फुलांचा पत्ता नाही.

पान पिवळं पण शिरा हिरव्या, आणि हे खालच्या पानांवर, तर मॅग्नेशियम. टोमॅटोला फळं धरली की हे हमखास दिसतं, आणि पालाशची खतं सढळ हाताने दिली की जास्तच, कारण पालाश जास्त झालं की मॅग्नेशियम मुळांतून आत यायला अडतं. हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू असतो आणि त्याच्याभोवती नत्राचे चार, म्हणून हे दोन कमी पडले की हिरवा रंगच जातो. एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम, संध्याकाळी पानांवर फवारा, आठ-दहा दिवसांनी परत एकदा. पिवळेपण नसून पानाच्या कडा करपल्यासारख्या तपकिरी होत असतील तर पालाश कमी असू शकतं, किंवा खतांचे क्षार साठलेत. मातीवर आणि कुंडीच्या काठाला पांढरा थर दिसला तर क्षारच, मग भरपूर साधं पाणी घालून ते खालून वाहून जाऊ द्या आणि काही दिवस खत बंद.

आणि सगळ्यात खालची एक-दोन पानं, विशेषतः रोप असताना आलेली ती पहिली जोडी, पिवळी पडून गळली तर तो आजार नाही, त्यांचं काम झालंय. वरचं झाड जोमात असेल तर हात लावू नका.

प्रश्न: माझं उलटं आहे. मिरचीची वरची कोवळी पानं पिवळी, जवळजवळ पांढरट, आणि शिरा मात्र हिरव्यागार जाळीसारख्या. एप्सम सॉल्ट दोनदा फवारलं, काही फरक नाही.

उत्तर: फरक पडणारच नव्हता, कारण हे मॅग्नेशियम नाही, लोह आहे. चित्र दिसायला तेच, हिरव्या शिरा आणि मधे पिवळं, पण खाली असेल तर मॅग्नेशियम आणि वर कोवळ्या पानांवर असेल तर लोह. आणि मातीत लोह नसतं असं फार कमी वेळा होतं, ते असतं पण झाडाला घेता येत नाही कारण मातीचा सामू (pH, म्हणजे माती आम्ल की अल्क ते सांगणारा आकडा) वाढलेला असतो. टोमॅटो-मिरचीला साधारण ६ ते ६.८ सामू मानवतो, ७ च्या वर जाऊ लागला की लोह मातीत अडकून बसतं. चुनखडीची माती, बोअरचं जड पाणी, कुंडीत टाकलेली राख किंवा चुना, यातलं काही तुमच्याकडे आहे का बघा. राख टाकायची सवय असेल तर आधी ती बंद करा. सामू तपासायची साधी पट्टी किंवा किट मिळतं, ते एकदा वापराच, अंदाजावर चालू नका.

साधं फेरस सल्फेट अशा मातीत टाकलं तर ते पण तसंच अडकतं, त्यापेक्षा चिलेटेड लोह घ्या, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रेणूने धरून ठेवलेलं. त्यातलं ईडीटीए (EDTA) वालं साडेसहाच्या आसपासच्या सामूपर्यंत ठीक चालतं, त्याहून जास्त असेल तर ईडीडीएचए (EDDHA) वालं. डोस पाकिटावर असेल तेवढाच. आणि हो, पाणी साचून मुळं खराब झाली असतील तरी लोहाची कमतरता अशीच दिसते, तेव्हा वर सांगितलं तसं मुळं बघूनच पुढे जा.

प्रश्न: पान पूर्ण पिवळं नाही, बारीक बारीक पिवळे ठिपके आहेत, लांबून धूळ बसल्यासारखं दिसतं. खत घातलं तरी वाढतच चाललंय.

उत्तर: खताचा काही संबंध नाही. पान उलटं करा. पांढरा कागद पानाखाली धरून पानावर दोन टिचक्या मारा आणि कागद अर्धा मिनिट नुसता बघत रहा, पडलेले कण चालायला लागले तर तो लाल कोळी. बोटाने पुसलं की लालसर-तपकिरी रेघ उठते. जास्त झालं असेल तर देठाच्या बेचक्यात बारीक जाळं पण दिसेल. गरम कोरड्या हवेत हा झपाट्याने वाढतो. पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा मारा, दोन-तीन दिवसांनी परत, मग कडुनिंबाचं तेल लिटरला पाच मिली आणि त्यात तेल मिसळण्यापुरता पातळ साबण, संध्याकाळीच, उन्हात मारलं तर पानं भाजतात. अंडी राहतात, त्यामुळे एकदा फवारून थांबू नका, पाच-सात दिवसांनी पुन्हा.

झाड हलवल्यावर बारीक पांढऱ्या माश्या उडाल्या तर मात्र जास्त सावध रहा. पांढरी माशी रस तर शोषतेच पण टोमॅटोत पर्णगुच्छाचा विषाणू पण आणते, पानं लहान, वरच्या बाजूला वाटीसारखी वळलेली, कडा पिवळ्या, आणि झाड खुरटलेलं. त्यावर औषध नाही. जीवावर येतं पण ते झाड काढून टाका, नाहीतर शेजारच्या कुंड्या जातील.

प्रश्न: टोमॅटोच्या झाडाची एकच बाजू पिवळी पडलीय, दुसरी बाजू एकदम छान. असं कसं?

उत्तर: कमतरता अशी एका बाजूला येत नाही. हा मर रोग असण्याची शक्यता जास्त. बुडाजवळची पिवळ्या बाजूची फांदी तिरकी कापून बघा, सालीच्या आत तपकिरी रेघा दिसल्या तर तेच. बुरशी मुळातून शिरून पाणी वर नेणाऱ्या नळ्या बंद करते. झाड वाचत नाही, मुळांसकट काढा, कंपोस्टमध्ये टाकू नका आणि त्या मातीत पुढे टोमॅटो, मिरची, वांगी काहीच नको, ती बुरशी मातीत वर्षानुवर्षं राहते. पुढच्या वेळी मर रोगाला प्रतिकारक वाण घ्या.

प्रश्न: उपाय केल्यावर पिवळी पानं किती दिवसांत हिरवी होतात? आणि ती तोडायची का?

उत्तर: बरीचशी होतच नाहीत, म्हणून त्यांच्याकडे बघून निराश होऊ नका. उपाय लागू पडला की नाही ते नवीन पानं सांगतात. शेंड्याजवळच्या एका पानाच्या देठाला सैल दोरा बांधून ठेवा, त्याच्या वर येणारी पानं चांगली हिरवी आली तर तुम्ही बरोबर आहात. दहा-पंधरा दिवस तरी द्या. तोडायचं म्हणाल तर पानावर गोल गोल कड्यांचे तपकिरी डाग आणि भोवती पिवळं असेल तर तो करपा, ती पानं लगेच काढा आणि पाणी पानांवर न घालता बुडाशी घाला. नुसतं नत्र कमी पडून फिकट झालेलं पान मात्र राहू द्या, झाड त्यातलं उरलेलं अजून वर ओढत असतं. पूर्ण वाळलं की हात लावताच सुटून येतं.