सही नेमकी कशावर केलीत?

प्रश्न : मी कोथरूडला राहते. एका परदेशी कार्टून मालिकेच्या मराठी डबिंगमध्ये २०२१ पासून एका मुख्य पात्राला माझा आवाज आहे. स्टुडिओ मुंबईचा, रेकॉर्डिंग बहुतेक घरूनच पाठवलं. सुरुवातीला एका फॉर्मवर सही घेतली, त्यात या मालिकेतल्या कामाचे सर्व हक्क 'भविष्यातील सर्व माध्यमांसह' कायमचे दिले, असं आहे. गेल्या वर्षी 'सँपल हवंय' म्हणून दोन तास साधी वाक्यं वाचून घेतली. आता नवा सीझन आलाय. मला बोलावलंच नाही, पण आवाज माझाच वाटतो. मागच्या बारा भागांचे पैसेही अडकलेत. पोलिसांत जाऊ का? त्या पात्राच्या आवाजात मी रील्स टाकते, त्यांचं काय?

उत्तर : ताई, पोलीस सध्या राहू द्या. पैशांचं सोपं आहे, ते आधी उरकू. वसुलीच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते, तेव्हा प्रत्येक भागाची तारीख लिहून काढा. आधीच्या बिलांवर टीडीएस कापला असेल तर तो तुमच्या फॉर्म २६एएसमध्ये, म्हणजे तुमच्या नावावर कापलेल्या कराच्या सरकारी तक्त्यात, दिसेल. मग 'या बाईंचा आमच्याशी संबंधच नाही' म्हणायची सोय उरत नाही. कोऑर्डिनेटरचे 'उद्या एपिसोड चौदा, अकरा वाजता' असले व्हॉट्सॲप मेसेजही पुरावाच. मात्र नुसत्या स्क्रीनशॉटवर भागत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे, मजकूर कुठल्या उपकरणातून घेतला याचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, म्हणून तो फोन एक्स्चेंजमध्ये देऊन टाकू नका. उद्यम नोंदणीही, म्हणजे लघुउद्योजक म्हणून सरकारदरबारी नोंद, करून घ्या. जुन्या बिलांसाठी तिच्यावर विसंबू नका, पण पुढच्या कामाचे पैसे ४५ दिवसांच्या पुढे रखडले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येतं.

आता आवाज. पात्र तुमचं नाही, हे आधी पचवा. त्यांनी दुसरी कलाकार आणून तुमच्यासारखं बोलायला लावलं असेल, तर वाईट वाटेल, पण दावा फारसा उभा राहणार नाही. तुमच्या रेकॉर्डिंगवरून यंत्राने, म्हणजे एआयने, आवाज तयार केला असेल, तर गोष्ट वेगळी. त्यातही मला ते दोन तास खटकतात. डबिंगचं सँपल म्हटलं की पात्राचं हसणं, रडणं, किंचाळणं मागतात. सपाट वाक्यं दोन तास कशाला हवी होती?

कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये 'परफॉर्मर'ची व्याख्या आहे. तिच्यात गारुडी आणि जादूगारसुद्धा बसतात, तेव्हा तुम्ही बाहेर राहायचं कारण नाही. एक पळवाट मात्र आहे : चित्रपटातलं (कायद्याच्या भाषेत तुमची मालिकाही त्यात आली) काम किरकोळ असेल आणि श्रेयनामावलीत नावही नसेल, तर हा दर्जा जवळजवळ जातो. तुमचं काम किरकोळ नाहीच. तरी शेवटच्या पाटीवर नाव असेल तर त्याचा फोटो घ्या, प्लॅटफॉर्म पुढचा भाग सुरू करून ती पाटी गिळायच्या आत.

कलम ३८अ नुसार तुमच्या लेखी संमतीनंतर निर्मात्याला 'त्याच' चित्रपटात तुमचा अभिनय वापरता येतो. रेकॉर्डिंगची प्रत करणं, ते इलेक्ट्रॉनिक पद्धतीने साठवणं हा एरवी तुमचा हक्क. शिवाय कलम १८ तुम्हालाही लागू आहे : करार करताना जो वापर अस्तित्वात किंवा व्यवहारात नव्हता, त्याचा स्पष्ट उल्लेख नसेल तर हस्तांतरण त्याला लागू होत नाही. 'भविष्यातील सर्व माध्यमे' हा स्पष्ट उल्लेख नव्हे, असं आपण म्हणायचं. यंत्राने आवाज बनवायचं तंत्र २०२१ मध्येही होतं, असं स्टुडिओवाले म्हणतील, वाद होईल. सँपलबाबत तुमची बाजू मला जास्त भक्कम वाटते, कारण फॉर्म मालिकेतल्या कामापुरता आहे आणि हे वाचन मालिकेतलं नाही. ते मागवणारा मेल किंवा मेसेज शोधा.

२०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंह यांच्या आवाजाची यंत्राने नक्कल करायला मनाई केली. तो आदेश स्टुडिओला पाठवायच्या वकिली नोटिशीत जरूर घालू, पण त्यावर सगळी भिस्त नको. त्यांचा आवाज त्यांच्या नावाने ओळखला जातो. तुमचा मुलं पात्राच्या नावाने ओळखतात.

नोटिशीत पहिला प्रश्न एकच : नव्या सीझनमध्ये हा आवाज कोणी दिला, तिचं नाव आणि बिल दाखवा. खरी कलाकार असेल तर दोन दिवसांत कागद येईल. टाळाटाळ झाली, तर ध्वनितज्ज्ञाकडून तुलना करून घ्यायचा खर्च सार्थकी लागेल. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६२ मुळे, तुम्ही इथे राहता या आधारावर दावा शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात लावता येतो. फॉर्मच्या शेवटी लवादाचं किंवा 'फक्त मुंबई न्यायालय' असं कलम आहे का ते पाहा. असेल तर रस्ता बदलेल.

रील्समध्ये मालिकेची चित्रं, क्लिप, शीर्षकगीत असेल तर त्या काढा. पात्राच्या नावाने पैसे घेऊन वाढदिवसाच्या शुभेच्छा देत असाल, तर तेही थांबवा. नुसत्या तुमच्या गळ्याला बंदी नाही. पण काढण्याआधी प्रत्येक रील तारखेसह जतन करा, तो आवाज तुमचाच असल्याचा पुरावा तिथेच आहे.

आणि नोटीस गेली की स्टुडिओतून फोन येईल, 'पैसे सोडायचेत, एवढ्या फॉर्मवर सही करा.' तो फॉर्म आधी वकिलाला दाखवा.